गुरुवारची वेगळी वाटी

आमच्या घरात चाखायची पद्धत नव्हती. खायची होती, खाल्लेल्याला नावं ठेवायची तर त्याहून जास्त होती. पण स्वयंपाक करताना करणारीनं चमच्यावर घेऊन जिभेला लावून पाहायचं नाही. अन्न उष्टं होतं. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. लग्न होऊन मी नारायण पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले, त्याच आठवड्यात आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला, आणि ते नेमके पाणी प्यायला आत आले. त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं, पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाले, “सूनबाई, आपल्याकडे आधी देव जेवतो, मग माणसं. तुमच्याकडे उलटं असेल.”

तुमच्याकडे म्हणजे वर्ध्याकडे. माझ्या हातून पेला पडला तरी तो वर्ध्याचा दोष असे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे शिकवायला कोणी नव्हतं आणि परीक्षा घ्यायला दोन पुरुष तयार बसलेले होते. नवरा परीक्षक म्हणून बरा, तो ताटाकडे न बघताच जेवायचा. सासरे मात्र पहिल्या घासाला थांबत. घास तोंडात, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि मग निकाल. “मीठ आज रजेवर आहे का?” “हा चहा आहे की चहाची आठवण?” “भात शिजवलाय की नुसती भीती घातलीय?” आवाज खणखणीत, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. सगळं उत्तम जमलं असेल त्या दिवशी म्हणत, “ठीक आहे.” त्याच्यावर त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

मला त्याच्यावरचा शब्द हवा होता. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. एकवीस वर्षं मी त्या माणसाला रांधून वाढलं आणि एकवीस वर्षं एकाच वाक्याची वाट पाहिली: छान झालंय. नवऱ्यानं म्हटलेलं चालत नव्हतं. तो पोटभर झालं की कशालाही छान म्हणतो. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

न चाखता रांधायचं म्हणजे अंदाजानं रांधायचं. तो अंदाज मी कमावला. दोनेक वर्षांत माझा हात असा बसला की मिठाच्या भांड्यात बोटं गेली की हवं तेवढंच बाहेर यायचं. रजेवरचं मीठ कामावर रुजू झालं. बिल्डिंगमधल्या बायका चमचे, वाट्या, कप मोजत आणि मी त्यांना हसत असे. माझ्या अंदाजाचा मला गर्व होता, आणि आता पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ या गर्वात आहे. सगळं खापर त्या म्हाताऱ्यावर फोडून मोकळी व्हायची माझी फार इच्छा आहे, पण तेवढं जमत नाही.

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा सासऱ्यांना साखर निघाली. पायाच्या बोटाची जखम बरी होईना म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर रक्तात साखरच साखर. डॉक्टरांनी गोड बंद केलं. सासऱ्यांना गोड फार प्रिय. जेवण संपताना ताटात काहीतरी गोड लागायचंच, काही नसलं तर गुळाचा खडा. ते बंद झाल्यावर माणूस एकदम मुका झाला. आमटी फिकी झाली तरी बोलेनात. मला वाटलं होतं, बोलणं थांबल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट पहिल्या घासाला ते कॅलेंडरकडेसुद्धा बघेनासे झाले तेव्हा मी घाबरले.

मग मला गुलगुले आठवले.

आमच्या वर्ध्याला आखाडात आई गुलगुले तळायची. कणीक, गूळ, कुस्करलेलं पिकलं केळं, एवढंच. सुपारीपेक्षा थोडे मोठे, बाहेरून तांबूस, आतून मऊ. आणि इथे दर गुरुवारी सकाळी सासरे देवापुढे केळी ठेवत, ती संध्याकाळपर्यंत काळी पडत आणि टाकायची कशी म्हणून घरभर फिरत. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, साखर-गूळ नको, तळण नको, चार छोटे, आठवड्यातून एकदा, चालेल. मी आप्पेपात्र काढलं. कणकेत थोडं नाचणीचं पीठ, केळं, सफरचंदाच्या बारीक फोडी, जायफळ, चिमूटभर सोडा. प्रत्येक खळग्यात तेलाचा एक थेंब. वाफ धरली की सुईनं उलटायचे. गूळ नसल्यामुळे ते कोरडे आणि उदास दिसत, म्हणून वरून द्यायला एक पाक केला. दुधात थोडं कॉर्नफ्लॉवर, नखाएवढं लोणी, आणि साखरेऐवजी ती औषधाच्या दुकानातली पांढरी पूड. स्टीव्हिया नावाच्या कुठल्याशा पानांपासून करतात, असं दुकानदार म्हणाला. अगदी नैसर्गिक, साखरेपेक्षा गोड, असंही म्हणाला. पाक आटला की चकचकीत व्हायचा, गुलगुल्यावर ओतला की काचेसारखा बसायचा. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. ती त्याला ग्लेझ म्हणायची, मी पाक म्हणायचे, सासरे “ते वरचं” म्हणत.

त्या पुडीच्या डब्यात एक चमचा निघायचा. कानकोरण्याएवढा. मला वाटलं, काहीतरी खेळणं घालतात हल्ली डब्यात. पहिला लेकीच्या भातुकलीत गेला, पुढचे कचऱ्यात. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असायचं. मी बी.कॉम. आहे, मला इंग्रजी वाचता येतं. वाचलं नाही. एका वाटी दुधाच्या पाकाला साखर किती लागते ते माझ्या हाताला ठाऊक होतं. तेवढीच घालायला नको, साखरेपेक्षा गोड आहे म्हणतात, म्हणून जरा हात आखडून दोन चमचे घातली. पोह्याचे चमचे. झाला अंदाज पक्का.

पहिल्या गुरुवारी सासरे स्वयंपाकघरात डोकावले. आप्पेपात्रात बघून म्हणाले, “सुपाऱ्यांना सूज आलीय का?” इतक्या महिन्यांनी ते बोलले म्हणून मला हसूच आलं. चार गुलगुल्यांची त्यांची वाटी वेगळी भरली. उरलेल्या पिठाचे आमच्यासाठी केले, त्यांच्यावर साखरेचा साधा पाक. सासरे गुरुवारी देवाला दाखवल्याशिवाय काही खात नसत. त्यांनी वाटी देवापुढे ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटले, मग ती घेऊन खुर्चीत बसले. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी एक गुलगुला अख्खा तोंडात घातला आणि डोळे पुन्हा मिटले. दुसरा, तिसरा, चौथा. मध्ये थांबले नाहीत. मग दोन पेले पाणी प्यायले, उठून डबीतली लवंग तोंडात टाकली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

निकाल आलाच नाही. ना मीठ, ना रजा, ना वर्धा. तोंड पुन्हा उघडलं होतं आणि तरी निकाल नाही, असं बारा वर्षांत कधी झालं नव्हतं. दोन-तीन गुरुवार असेच गेले, तेव्हा मी धीर करून विचारलं, “बाबा, कसे झालेत?”

“प्रसाद आहे,” ते म्हणाले.

मी त्या दोन शब्दांवर कितीतरी दिवस काढले. प्रसाद आहे, म्हणजे विचारायचं काय त्यात, इतके चांगले झालेत, असा मी अर्थ लावला. आपल्याला हवा तो अर्थ लावायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

अशी नऊ वर्षं गेली. दर गुरुवारी वेगळी वाटी. मी तापानं फणफणलेली असले तरी वाटी व्हायची. माहेरी जायचं तर शुक्रवारी निघून बुधवारी परतायचं. वाटीत एक थेंबही उरत नसे. पूड महागाची म्हणून सगळा पाक मी त्यांच्याच चारांवर ओतायचे आणि पातेलं लगेच घासायला टाकायचे. नऊ वर्षांत एकदाही बोट चाटलं नाही. देवाचं होतं ना. शिवाय त्यांच्या औषधातलं मी कशाला खाऊ? मिरवलं मात्र भरपूर. हळदीकुंकवाला बायका म्हणत, सासऱ्यांचं किती करतेस गं, आणि मी म्हणे, करायचं काय, वेगळा पाक करते त्यांच्यासाठी, बिनसाखरेचा. तिघी-चौघींनी कृतीसुद्धा लिहून घेतली होती. पुन्हा एकीनंही विषय काढला नाही. मला वाटलं, आळशी आहेत.

शेवटच्या वर्षी सासरे फार थकले. काठी आली, ऐकू कमी यायला लागलं, पण साखर आटोक्यात. डॉक्टर माझं कौतुक करायचे. दिवाळी होऊन गेल्यावरचा एक गुरुवार. नवरा खराडीच्या ऑफिसातून लवकर आला होता, त्याच्यापुढे साखरेच्या पाकातल्या गुलगुल्यांची ताटली होती आणि तो फोनवर कोणाशी तरी बोलत एकेक तोंडात टाकत होता. सासऱ्यांची वाटी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि नवऱ्याच्या ताटलीकडे बोट दाखवून मला म्हणाले, “त्यातला एक दे.”

मी हसून म्हटलं, “बाबा, तुमचे वेगळे केलेत की. तेही गोडच आहेत.”

“एकच दे.”

“नाही हं. नऊ वर्षं सांभाळलंय, आता कशाला? आणि तुमचेही तसेच लागतात.”

“तसेच लागतात?” त्यांनी विचारलं.

“अगदी तसेच,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागानं नाही. वर्गात अगदी ढ पोरगी उत्तर देते तेव्हा मास्तर बघतात, तसं. मग “बरं” म्हणाले आणि वाटीतले चारही खाल्ले. पाणी, लवंग, गॅलरी. नवरा फोनवर बोलतच होता.

त्यानंतर पाच गुरुवार झाले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तेरा दिवस जो येईल त्याला मी सांगत होते, शुगर मात्र शेवटपर्यंत उत्तम होती हो. लोक मान हलवत. कोणीतरी म्हणालंसुद्धा, सुनेनं जिवापाड केलं. मला रडू येत होतं त्यातलं अर्धं त्यांच्यासाठी होतं आणि अर्धं त्या न मिळालेल्या वाक्यासाठी.

याला दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मला सारखी तहान लागायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. रक्त तपासलं. मलाही साखर निघाली. रिपोर्ट नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा वर सरकवून वाचला आणि म्हणाला, “हं. पण तुला काय, तुला सवय आहे. बाबांचं सगळं तूच करत होतीस.”

मला वाटत होतं, तो पुढे काहीतरी बोलेल. निदान खोटं तरी विचारेल, मी काही करू का, म्हणून. त्यानं रिपोर्ट घडी घालून परत दिला आणि भाजी काय आहे ते विचारलं. लेक बाहेरगावी शिकायला आहे, ती फोनवर म्हणाली, “आई, सीरियसली घे हं, डाएट फॉलो कर.” म्हणजे माझी वेगळी वाटी मीच करायची आणि मीच दारात उभी राहायची.

केली. मुद्दाम मंगळवारी केली, देवाचा आणि माझ्या वाटीचा काही संबंध नको म्हणून. नवा डबा आणला, कानकोरणं फेकलं, दोन चमचे पूड घातली, पाक आटवला. चार गुलगुले केले. तिन्हीसांजेला खुर्चीत बसले, त्यांच्याच खुर्चीत, आणि एक तोंडात घातला.

कडू. साधा कडूपणा नाही. कारल्याला, मेथीला स्वतःची काही अब्रू असते. हे आधी गोड होऊन फसवतं आणि मग घशाशी जाऊन औषधासारखं कडू होतं, आणि जिभेवर साबण लावल्यासारखं काहीतरी बसून राहतं. मी मोरीत जाऊन थुंकले. चूळ भरली. पाणी प्यायले. दोन पेले पाणी प्यायले तरी जाईना. आणि माझा हात आपोआप लवंगेच्या डबीकडे गेला.

डबी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

लेकीला फोन केला. म्हटलं, ती स्टीव्हियाची पूड खराब निघाली बहुतेक. “किती घातलीस?” तिनं विचारलं. मी सांगितलं. ती खिदळायला लागली. “आई! दोन स्पून? अगं, ती एकदम कॉन्सन्ट्रेटेड असते. आत छोटा स्कूप असतो ना, तो एक पुरतो एवढ्या दुधाला. जास्त झाली की कडू जहर होते.” मग तिचं हसू थांबलं. “म्हणजे आजोबांना पण तू...” मी फोन ठेवून दिला.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते सांगायला हवं, कारण ते चार दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. लाज तर वाटत होतीच. ‘अगदी तसेच’ हे माझे शब्द आठवले की अंगावर काटा यायचा. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी ऊब धरत होतं. हा माणूस आमटीतला मिठाचा खडा सोडत नव्हता, चहाची आठवण काढत होता, आणि त्यानं नऊ वर्षं, दर गुरुवारी चार-चार, ते जहर एक शब्द न बोलता गिळलं. का? माझ्यासाठी. दुसरं काय कारण असणार? मी तापात उठून करते, माहेराहून धावत येते, दारात तांब्या घेऊन उभी राहते, हे त्यांनी पाहिलं होतं. माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी जीभ आवरली. त्यांच्यासारख्या माणसानं जीभ आवरणं म्हणजे दुसऱ्यानं जीव देण्यासारखं आहे. मला हवं होतं ते वाक्य मला दर गुरुवारी मिळत होतं, माझ्या कानांना ऐकू येत नव्हतं इतकंच. असं समजून मी चार दिवस स्वयंपाकघरात गुणगुणत होते. त्यांच्या फोटोला घातलेला हार बदलला. मनात त्यांची माफी मागितली.

रविवारी सकाळी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो पोहे खात होता.

“हो, कडूच असायचे ते,” तो म्हणाला.

“म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?”

“एकदा चुकून त्यांच्या वाटीतला खाल्ला होता मी. बेसिनमध्ये थुंकलो. मी बाबांना म्हटलं, हिला सांगू का? तर म्हणाले, प्रसादाला नावं ठेवायची नसतात.”

“आणखी काय म्हणाले?”

“आणखी काय म्हणणार?”

“माझ्याबद्दल काही?”

त्यानं खरंच आठवून पाहिलं, एवढं त्याला श्रेय देते. मग म्हणाला, “नाही. तुझा विषयच नव्हता. ते माझ्या आजीला पण म्हणायचे म्हणे, शिरा करपला तरी. देवापुढून आलेल्याला नावं ठेवायची नाहीत. त्यांचा नियम होता तो.”

“आणि तुमचा कुठला नियम होता?” मी विचारलं. “तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मी कशाला मध्ये पडू? तुमचं दोघांचं छान चाललं होतं की.” आणि पोह्यांवर लिंबू पिळायला मागितलं.

तर असं आहे. माझ्यासाठी नव्हतं. मी तापात उठले काय, माहेर अर्धवट सोडून आले काय, त्याचा त्या गप्प बसण्याशी काही संबंध नव्हता. दोन नियम होते. चाखायचं नाही, हा मी पाळला. नावं ठेवायची नाहीत, हा त्यांनी पाळला. देवाला बोलता येत नाही. बोलता येत होतं तो पोहे खात होता. आणि दोन नियमांच्या मध्ये एक म्हातारा नऊ वर्षं कडू खात बसला, ज्याला आयुष्यात गोडाशिवाय दुसरा शौक नव्हता. एकदा त्यानं नियम मोडून हात पुढे केला, एकच दे म्हणाला, तर तिथेही मी उभी होते, जिनं कधी चाखलं नव्हतं ती, तसेच लागतात म्हणून छातीठोकपणे सांगणारी.

मला त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, मी धरते. रोज उठून मिठासाठी माझे वाभाडे काढलेत, तसे एका गुरुवारी काढले असतेत तर काय बिघडलं असतं? “सूनबाई, हे विष तुमच्याकडे लहान मुलांना देतात का?” एवढं एक वाक्य. खालच्या मजल्याला ऐकू गेलं असतं. मी आत जाऊन रडले असते, डबा फेकून मारला असता, आणि पुढच्या गुरुवारी तुम्हाला गोड खायला मिळालं असतं. जिथे बोलून मला फक्त दुखलं तिथे सगळं बोललात, आणि बोलून तुमचं स्वतःचं भलं झालं असतं तिथे तेवढे देवभक्त झालात.

आणि माझा येतो. तो जास्त येतो.

या मंगळवारी मी पुन्हा करायला बसले. डब्यातलं कानकोरणं काढलं, धुतलं, पुसलं. दूध आधी नुसतंच निम्मं आटवलं, म्हणजे त्याचा स्वतःचा गोडवा वर येतो. पूड त्या कानकोरण्यानं मोजून एकदा. चाखलं. कणभर मीठ घातलं, चाखलं. जायफळ, चाखलं. पातेल्यात चमचा घालून, तोच तोंडात, तोच परत पातेल्यात, अगदी उष्टं करून करून चाखलं. पाचव्या वेळी जमलं. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नऊ वर्षांत जे झालं नाही ते पंधरा मिनिटांत झालं, आणि त्यात काही विद्या नव्हती, जीभ होती फक्त.

ते गुलगुले चांगले झाले होते. मी स्वतः म्हणते, छान झाले होते. ताटलीत घालून टेबलावर ठेवले आणि हात धुवायला आत गेले. तेवढ्यात नवरा आला, बॅग खुर्चीत टाकली आणि उभ्या उभ्या एक तोंडात घातला. मी बाहेर येईपर्यंत दुसरा घेतला होता.

“मस्त,” तो म्हणाला. “आज साखरेचे केलेस? तुला चालतात?”

“बिनसाखरेचे आहेत.”

“काय सांगतेस!” त्यानं तिसरा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि तोंडात टाकला. “अगं, अगदी तसेच लागतात की. बाबांना आवडले असते हे.”

मी पुढे होऊन ताटली उचलली. एकच उरला होता.

“अगं, खातोय मी,” तो म्हणाला.

मी ताटली घेऊन स्वयंपाकघरात आले. देवापुढे ठेवावा असं एकदा मनात आलं. ठेवला नाही. फोटोसमोर ठेवावा असंही आलं, तोही ठेवला नाही. ओट्यापाशी उभी राहून तो मीच खाल्ला. गोड होता. मग ताटली विसळली आणि पालथी घातली.